भिजकी वही, भिजका लॅपटॉप

सोलापुरात पाण्यात बुडून काही खराब झालं असं सांगितलं तर आमच्या गावचे लोक हसतील. पाणी आहे कुठे बुडायला? त्या दिवसांत आमच्या भागात चार दिवसांआड नळाला पाणी यायचं. तेही पहाटे, कधी साडेचारला तर कधी सहाला. पाणी कधी येणार हे ओळखण्याची एक इंद्रियशक्ती आमच्या आईकडे आहे. नळातून आधी हवा सुटते, त्याचा खर्रर्र आवाज येतो, आणि तिला तो गाढ झोपेतही ऐकू येतो. माझ्या फोनच्या अलार्मनं मला जाग येत नाही, ही गोष्ट वेगळी.

तर झालं असं. २०२३ चा मे महिना. शुक्रवारी संध्याकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून मी पुण्याहून घरी आलो. रात्री हॉलमध्ये गादी टाकली, उशाशी लॅपटॉप चार्जिंगला लावला आणि झाकण अर्धवट उघडं ठेवून झोपलो. पहाटे आईची हाक आली, "ए, पाणी आलंय, ऊठ की रे!" मी उठलो, पुढच्या नळाला पाईप लावला आणि हॉलमधून मागच्या हौदापर्यंत तो नेला, दर चार दिवसांनी नेतात तसाच. त्या पाईपला मध्ये एक जोड आहे. बाबांनी तो तारेनं आवळून ठेवला होता. नेमका तोच निसटला, आणि नेमका गादीपाशी. मी मागे हौदावर उभा राहून "पाण्याला आज प्रेशर का नाही" असा विचार करत होतो. प्रेशर सगळं माझ्या कीबोर्डवर चाललं होतं.

लॅपटॉपची किंमत हा मुद्दा नव्हता. तो पाच वर्षांचा होता, बदलायचाच होता. त्यावर आजोबा होते.

आमचे आजोबा मिलमध्ये विव्हिंग खात्यात होते. आधी बदली कामगार, मग कायम. २०२१ च्या दिवाळीत मी त्यांच्यासमोर फोन ठेवून त्यांना बोलतं केलं होतं. सात रेकॉर्डिंग, सगळी मिळून चार तासांच्या वर. मिलचा भोंगा, धोटा सुटून कुणाच्या तरी डोक्याला लागलेला, शेजारच्या मागावरचा तेलुगू माणूस आणि पलीकडचा कानडी माणूस मराठीत कसे भांडायचे, असं सगळं. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये आजोबा गेले. फोनमध्ये जागा कमी पडते म्हणून मी त्या फाईल्स लॅपटॉपवर हलवल्या होत्या. 'कॉपी' नाही, 'मूव्ह'. दिवसभर ऑफिसात लोकांच्या डेटाबेसचा बॅकअप नीट झाला की नाही हे बघण्याचे मला पैसे मिळतात. असो.

आता मी जे केलं ते करू नका. लॅपटॉप उचलला, उलटा केला, पाणी निथळलं, पंच्यानं पुसला आणि चालू होतोय का हे बघायला पॉवरचं बटण दाबलं. तो चालू झाला! मी आनंदानं ओरडलो. आई म्हणाली, "बघ, काही झालं नाही." सात-आठ मिनिटांनी स्क्रीन गेली आणि जळका वास आला.

यामागचं विज्ञान मी इंजिनिअरिंगच्या पहिल्याच वर्षात शिकलो होतो, म्हणजे परीक्षेपुरतं. पाणी शुद्ध असेल तर त्यातून वीज जवळजवळ वाहत नाही. वीज वाहते ती त्यात विरघळलेल्या क्षारांमुळे, आणि आमच्या पाण्यात क्षार किती ते गीझरच्या कॉईलला विचारा. पण पाणी आणि क्षार एवढ्यानं बोर्ड लगेच मरत नाही. त्याला तिसरी गोष्ट लागते, ती म्हणजे व्होल्टेज. ओल्या बोर्डावर दोन बिंदूंमध्ये व्होल्टेजचा फरक असला की तिथे एक छोटंसं इलेक्ट्रोलिसिस सुरू होतं. एका बाजूचं तांबं विरघळून दुसऱ्या बाजूला जाऊन साचतं आणि तिथून झाडाच्या फांद्यांसारखे बारीक धातूचे धागे वाढत येतात. ते समोरच्या तारेला टेकले की शॉर्ट. लॅपटॉप 'बंद' असला तरी बॅटरी आत जोडलेलीच असते आणि काही भागांना वीज मिळतच असते. म्हणून पहिलं काम पुसणं नाही, वीज तोडणं. चार्जर काढा, मागचे स्क्रू काढून बॅटरीचा कनेक्टर सोडवा, आणि बटणाला हात लावू नका. बटण दाबून आपल्याला फक्त एवढंच कळतं की तो अजून जिवंत होता.

दुसरी चूक सामुदायिक होती. शेजारच्या काकूंनी सांगितलं, तांदळात ठेव. आमच्याकडे तांदूळ बेताचा, ज्वारीचं मात्र अख्खं पोतं होतं, मंगळवेढ्याची मालदांडी. तेव्हा माझा लॅपटॉप हा बहुधा जगातला ज्वारीत पुरलेला पहिला लॅपटॉप असावा :) एक अख्खा दिवस तो तिथे होता. धान्य ओलावा शोषून घेतं हे खरं, पण ते आजूबाजूच्या हवेतला घेतं. चिपच्या पोटाखाली अडकलेलं पाणी ते ओढून काढत नाही, आणि क्षार तर तिथेच राहतात. वर पीठ आणि भुसा आत जातो तो वेगळा. २०२४ मध्ये खुद्द ॲपलनं आपल्या सूचनांमध्ये लिहिलं की भिजलेला फोन तांदळाच्या पिशवीत ठेवू नका. ज्वारीबद्दल त्यांनी काही म्हटलेलं नाही.

रविवारी शाळेतल्या एका मित्राकडे गेलो. त्याचं नव्या पेठेत रिपेअरिंगचं दुकान आहे. त्यानं आधी मला शिव्या घातल्या, मग लॅपटॉप उघडला. सूक्ष्मदर्शकाखाली बोर्ड दाखवला. एका कोपऱ्यात हिरवट-पांढरी बुरशी धरावी तसं काहीतरी उगवलं होतं. त्यानं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि दात घासायचा मऊ ब्रश घेतला आणि एखाद्या देवाची मूर्ती धुवावी तसा तो बोर्ड धुतला. भिजलेली वस्तू पुन्हा भिजवायची, हे बघायला विचित्र वाटतं. पण हे अल्कोहोल पाण्यात पूर्ण मिसळतं, त्याला जागेवरून हटवतं आणि स्वतः चटकन उडून जातं. ब्रशनं खरवडलेला क्षारांचा थर त्याच्याबरोबर वाहून जातो. बोर्ड मात्र वाचला नाही. "शनिवारी पहाटेच बॅटरी काढून आणला असतास तर," एवढंच तो म्हणाला.

एसएसडी त्यानं काढून हातात दिली. च्युइंगगमच्या पट्टीएवढी. "हिला काही झालं नसणार," म्हणाला. एसएसडीमधल्या चिप्स काळ्या रेझिनमध्ये बंदिस्त असतात, पाणी आत जायला वाटच नसते. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कपेक्षा या बाबतीत त्या बऱ्या. आणि खरंच, एका डबीत घालून दुसऱ्या लॅपटॉपला लावल्यावर ती दिसली. मग स्क्रीनवर एक चौकट आली: ही ड्राइव्ह कुलूपबंद आहे, ४८ आकडी रिकव्हरी की टाका.

झालं! ऑपरेटिंग सिस्टिमनं कधीतरी गुपचूप सगळी ड्राइव्ह एन्क्रिप्ट करून ठेवली होती. कुलूप उघडणारी किल्ली होती त्या मेलेल्या बोर्डवरच्या एका चिपमध्ये. तिची एक प्रत माझ्या ऑनलाइन खात्यात होती. ते खातं कॉलेजात असताना उघडलेलं, त्याला जोडलेला मोबाइल नंबर केव्हाच बंद झालेला. नवीन नंबर जोडायचा अर्ज केला. उत्तर आलं: सुरक्षेसाठी तीस दिवस थांबा.

तुकोबांना तेरा दिवस लागले होते, मला तीस. हा विनोद मी तेव्हा कुणाला तरी चॅटवर केला, आणि मग तो डोक्यातून जाईना. कारण मराठी माणसाच्या इतिहासात 'पाण्यात पडलेला डेटा परत मिळवणं' याची सर्वांत मोठी केस तीच. आणि माझं ऑफिस हिंजवडीत, देहू तिथून दुचाकीवर जाण्याच्या अंतरावर. चार वर्षं तिथे राहून मी एकदाही गेलो नव्हतो. पुढच्या शनिवारी गेलो.

कथा सगळ्यांना माहीत असते ती अशी. वाघोलीच्या रामेश्वर भटांनी आक्षेप घेतला की शूद्र असून वेदांचा अर्थ अभंगांतून सांगता, हे चालणार नाही. वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. तुकोबा नदीकाठी तेरा दिवस उपाशी बसून राहिले, आणि वह्या पाण्यावर तरंगत वर आल्या, त्याही कोरड्या. पुढे हेच रामेश्वर भट तुकोबांचे शिष्य झाले. 'आरती तुकारामा' ही जी आरती आपण म्हणतो ती त्यांचीच.

मी चमत्कार मानणारा नाही, पण 'दंतकथा' म्हणून हात झटकून मोकळं व्हावं अशीही ही गोष्ट नाही. महिपतीनं 'भक्तविजय' (१७६२) आणि 'भक्तलीलामृत' (१७७४) लिहिले ते तुकोबांनंतर शंभर-सव्वाशे वर्षांनी. त्याच्या वर्णनात भर पडली असेल असं म्हणता येतं. पण बहिणाबाई शिऊरकर तुकोबांच्या समकालीन. त्या देहूला येऊन राहिल्या होत्या. त्यांच्या अभंगातही तेरा दिवस वह्या पाण्यात राहिल्याचा उल्लेख आहे. स्वतः तुकोबांच्या अभंगांतही या प्रसंगाच्या खुणा आहेत. म्हणजे काहीतरी घडलं होतं. लॉग फाईल वेगवेगळ्या सर्व्हरवर सापडावी तसं हे आहे.

आणि एक गोष्ट बघा. देहूला तुकोबांच्या हातची म्हणून एक वही जपलेली आहे. नदीतून परत मिळालेल्या वह्यांपैकीच ती, असं मानतात. तिला म्हणतात 'भिजकी वही'. कथा म्हणते वह्या कोरड्या निघाल्या, आणि नाव म्हणतं भिजकी! ज्यानं कुणी पहिल्यांदा हे नाव दिलं त्यानं ती वही हातात धरली असणार. (अरुण कोलटकरांनी आपल्या संग्रहाला हेच नाव दिलं. तो २००३ मध्ये आला आणि त्याला २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तेव्हा ते हयात नव्हते.)

इंजिनिअर म्हणून मला प्रश्न पडला: तेरा दिवस पाण्यात राहून कागद टिकेल का? त्या काळचा कागद हाती बनवलेला, चिंध्यांचा. लाकडाच्या लगद्याचा आपला वर्तमानपत्री कागद त्यापुढे फारच नाजूक. त्यावर खळ लावून तो गुळगुळीत दगडानं घोटायचे. शाई काजळाची, डिंकात कालवलेली. आता काजळ म्हणजे निव्वळ कार्बन. कार्बन पाण्यात विरघळत नाही. विरघळतो तो डिंक. म्हणजे ओल्या पानावर बोट फिरवलं तर अक्षर पुसलं जाईल, पण पानं एकमेकांवर घट्ट दाबलेली, बांधलेली असतील आणि कुणी चाळवली नाहीत, तर काजळाचे कण कागदाच्या धाग्यांत अडकून राहू शकतात. गठ्ठ्याच्या मधली पानं कडेच्या पानांपेक्षा जास्त वाचतील. हा माझा तर्क आहे, पुरावा नाही. पण जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिक जी विनंती लिहून ठेवायचे, की मला तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधणीपासून जपा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका, त्यातली 'सैल बांधणी' तिथे का आहे ते मला या विचारात पहिल्यांदा कळलं. (चौथी अट वाचून मी खाली मान घातली.)

खरी गोम मात्र कागदात नाहीच. समजा, वह्या पूर्ण गेल्या असत्या, तरी अभंग गेले नसते. ते तोवर शेकडो लोकांना पाठ होते. चाकणचे संताजी तेली जगनाडे, कडूसचे गंगाराम मवाळ हे तुकोबांचे टाळकरी अभंग लिहून घेत. संताजींनी लोकांच्या तोंडून अभंग गोळा करून पुन्हा लिहून काढले असंही परंपरा सांगते. म्हणजे मूळ सर्व्हर पाण्यात, पण प्रती गावोगाव, आणि प्रत्येक कीर्तनात त्या ताज्या होत होत्या. आपण ज्याला डिस्ट्रिब्यूटेड बॅकअप म्हणतो तो वारकऱ्यांनी टाळ-मृदंगावर चालवला. रामेश्वर भटांच्या लक्षात आलं नसेल तर ते हे. किंवा नंतर आलं असेल.

आणि दुसरी एक गोष्ट, जी शाळेत सांगतात पण आपण पहिलीशी जोडत नाही. तुकोबांच्या घरी सावकारी होती. दुष्काळानंतर त्यांनी भाऊ कान्होबा यांना कर्जखतांतला अर्धा वाटा देऊन आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. म्हणजे त्याच माणसानं त्याच नदीत दोनदा कागद टाकले. एकदा स्वतःहून, एकदा जबरदस्तीनं. अभंग परत आले. कर्जखतं परत आली नाहीत. ती कुणाला पाठ नव्हती, आणि ज्यांना पाठ होती ते कशाला म्हणून दाखवतील?

पण पाठांतराच्या बॅकअपचा एक दोष असतो, पाठभेद. एकाच अभंगाची देहूची, तळेगावची, कडूसची, पंढरपूरची प्रत यांत फरक. मुंबई सरकारनं २४,००० रुपये मंजूर करून गाथेची छापील आवृत्ती काढवली. इंदुप्रकाश छापखान्यात ती छापली गेली, १८६९ मध्ये पहिला भाग, १८७३ मध्ये दुसरा. संपादक विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित. त्यांना हस्तलिखितं समोर ठेवून पाठ जुळवत बसावं लागलं. त्या काळात कवितेच्या पुस्तकावर सरकारनं एवढा खर्च केला यावर माझा आधी विश्वास बसला नाही. त्यात ४,६०७ अभंग आहेत. पुढे १९१९-२० मध्ये वि. ल. भाव्यांनी तळेगावला मिळालेल्या संताजींच्या वह्यांवरून 'अस्सल गाथा' छापली. त्यांच्या नावातलं 'अस्सल' बघा. म्हणजे बाकीच्या नक्कल? संपादकांचे असे टोमणे मला फार आवडतात.

आणि त्या भिजक्या वहीचं काय झालं? दिलीप चित्र्यांनी १९९१ मध्ये 'सेज तुका' हा इंग्रजी अनुवाद काढला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी लिहिलंय की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या वहीत सुमारे ७०० अभंग असल्याची नोंद होती आणि त्यांच्या वेळी २५० च्या आसपास उरले होते. तेरा दिवसांच्या पाण्यानं जे केलं नाही ते नंतरच्या कोरड्या वर्षांनी केलं. हे वाचल्यावर मी देहूच्या घाटावर बराच वेळ बसलो. आता तिथे गाथा मंदिर आहे, भिंतींवर संगमरवरात सगळी गाथा कोरलीय. बुडवून दाखवाच आता, असा त्या भिंतींचा भाव आहे. खालून इंद्रायणी वाहते. पावसाआधी तिच्यात पाण्यापेक्षा फेस जास्त होता.

बुडणाऱ्या कागदांचा आधुनिक इतिहासही मी त्या महिनाभरात वाचून काढला (दुसरं करायला काय होतं?). ४ नोव्हेंबर १९६६ ला इटलीत फ्लॉरेन्स शहरात आर्नो नदीचा पूर शिरला आणि राष्ट्रीय ग्रंथालयाची लाखो पुस्तकं चिखलात गेली. जगभरातून तरुण पोरं-पोरी धावून आली, त्यांना 'चिखलातले देवदूत' म्हणतात. पानांमध्ये भुसा घालून, तंबाखू वाळवायच्या भट्ट्यांमध्ये पुस्तकं सुकवली. पण घाईनं, उष्णतेनं वाळवलं की कागद आखडतो, कातडी बांधणी आकसते. त्यांचा भुसा आणि माझी ज्वारी, एकाच जातीचं शहाणपण. सहा वर्षांनी, जून १९७२ मध्ये अमेरिकेत ॲग्नेस वादळाच्या पुरात कॉर्निंगच्या काचसंग्रहालयाचं ग्रंथालय बुडालं, तेव्हा त्यांनी पुस्तकं वाळवायची घाईच केली नाही. सरळ गोठवून टाकली. गोठलं की बुरशी थांबते, शाई पसरत नाही, आणि विचार करायला वेळ मिळतो. नंतर सावकाश, निर्वात जागेत बर्फाची थेट वाफ करून टाकायची. लॅपटॉपच्या बाबतीत बॅटरी काढणं म्हणजे हेच, घड्याळ थांबवणं.

आपल्याकडे १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि खडकवासलाही, तेव्हा पुण्यात नदीकाठच्या पेठांमधल्या घराघरांतल्या ट्रंका भिजल्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. सोलापुरात सरासरीनं अख्ख्या वर्षात तेवढा पडत नाही. मुंबईतल्या तळमजल्यांवरच्या ऑफिसांतले कॉम्प्युटर त्या दिवशी किती बुडाले असतील याचा हिशोब सोडा. पण एक फरक होता. ते डेस्कटॉप होते. कीबोर्ड वेगळा, डबा वेगळा. चहा सांडला तर दोन-तीनशे रुपयांचा कीबोर्ड गेला, बाकी सुखरूप. १९८२ चा ग्रिड कंपास किंवा त्यानंतरचे सगळे लॅपटॉप बघा. एक पाप सगळ्यांनी केलं. ज्या भागावर माणूस दिवसभर हात ठेवतो, खातो, पितो, तो भाग थेट सगळ्यात महागड्या भागाच्या डोक्यावर बसवला. थिंकपॅडवाल्यांनी नंतर कीबोर्डखाली पन्हळ काढून तळाला भोकं पाडली, म्हणजे सांडलेलं खाली गळून जावं. कौलारू घराला जे सुचतं ते कॉम्प्युटरला सुचायला इतकी वर्षं लागली. माझ्या लॅपटॉपला ती भोकं नव्हती.

सर्वांत थोर केस मात्र कोलंबियाची. १ फेब्रुवारी २००३ ला कल्पना चावलासह सात जणांचं यान पृथ्वीवर परतताना तुटलं. काही महिन्यांनी टेक्ससमध्ये एका आटलेल्या तळ्यात एक हार्ड डिस्क सापडली, धातूचा वितळलेला गोळाच. तिच्यात झेनॉन वायूवरच्या प्रयोगाच्या नोंदी होत्या. क्रोल ऑनट्रॅक या कंपनीच्या इंजिनिअरनं आतल्या चकत्या रसायनानं धुतल्या, दुसऱ्या चांगल्या ड्राइव्हमध्ये बसवल्या आणि सुमारे ९९ टक्के डेटा परत काढला. त्यात एक नशीब असं की त्या यंत्रावर जुनी डॉस प्रणाली होती. ती डेटा डिस्कभर विखरून ठेवत नाही, म्हणून ज्या भागाला इजा झाली तिथे काही लिहिलेलंच नव्हतं. २००८ मध्ये त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. जुनं, साधं, कुलूप नसलेलं. मी माझ्या ४८ आकड्यांकडे बघत हे वाचत होतो.

आणि पाणी नसतानाही जातंच की. आमच्या सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर, बाराव्या शतकातले. त्यांनी ६८,००० वचनं रचली असं सांगतात, कन्नडमध्ये. आज मिळतात ती तेराशे-चौदाशे. इथे नदीही नाही आणि रामेश्वर भटही नाहीत.

त्या तीस दिवसांत आणखी एक झालं. आजोबांची रेकॉर्डिंग अडकलीत हे आत्याला कळलं. ती म्हणाली, "त्यात काय एवढं? मला सगळं येतंय की. लाव तुझा फोन." मग तीन रविवार ती बोलली. भोंगा, धोटा, तेलुगू-कानडी भांडण, सगळं तिच्या आवाजात, तिच्या हातवाऱ्यांसकट (ते रेकॉर्ड झाले नाहीत). पहिल्या पगाराची गोष्ट तिनं सांगितली: आजोबांनी पहिल्या पगारात मिलच्या दुकानातून आपल्या आईसाठी चादर घेतली, आणि पणजीनं ती कधी पांघरली नाही, घडी करून ट्रंकेत ठेवली. सांगताना आत्याचा गळा भरून आला. मीही गप्प बसलो.

तिसाव्या दिवशी खातं उघडलं. आकडे टाकताना दोनदा चुकलो. सातही फाईल्स होत्या. हेडफोन न लावता हॉलमध्ये सगळ्यांसमोर लावल्या. तिसऱ्या रेकॉर्डिंगमध्ये मी विचारतो, पहिल्या पगाराचं काय केलंत? आजोबा खोकतात. मग म्हणतात, "काय करणार? सावकाराला दिला. त्याच्याकडं कागद होता आमचा." मग विचारतात, चहा झाला का. पुढे चादरीचा विषयच नाही, सातही फाईल्समध्ये नाही.

आत्या म्हणाली, "त्यांना काय आठवतंय शेवटी शेवटी."

बाबा काहीच बोलले नाहीत. आई म्हणाली, ट्रंकेत एक जुनी चादर आहे खरी, पण ती कुणाची ते तिला ठाऊक नाही.

आता त्या फाईल्स तीन ठिकाणी आहेत. एक प्रत क्लाऊडवर, एक पुण्यात, एक आत्याकडे पेन ड्राइव्हमध्ये. आत्याच्याही त्याच फोल्डरमध्ये ठेवल्यात. 'आजोबा ३' आणि त्याखाली 'आत्या ३'. कुठल्याच नावात 'अस्सल' लिहिलेलं नाही. पाईपचा जोड बाबांनी बदलला.